सामाईक सुविचारवही : तीच ओळ पुन्हा आली तर? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरातले शिक्षक, ग्रंथालयात रोज बसणारे वाचक, सोसायटीचा फळा लिहिणारे आणि सूत्रसंचालन करणारे अशा सगळ्यांनी मिळून चालवलेली ही सुविचारांची वही. ती आता गुगल शीटवर आहे, तरी सगळे तिला वहीच म्हणतात. ओळ कुणीही पाठवावी. ती नोंदवायचं आणि जुळवायचं काम आम्ही काही स्वयंसेवक करतो. आम्हाला सगळ्यात जास्त निरोप येतात ते 'डबल झालंय'वरून. त्यातले जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. (हो, ते जुळवतानाही डबल काढावे लागलेच.)

१. पाठवण्याआधी ओळ वहीत आहे की नाही, हे कसं बघू?

पहिल्या शब्दांवरून शोधू नका. ओळीची सुरुवातच सगळ्यात जास्त बदलते. कुणी पुढे 'अरे' लावतं, कुणी 'जे का'चं 'जो का' करतं, कुणी 'म्हणून' गाळतं. त्यापेक्षा मधला, सहसा न येणारा एक शब्द घ्या. मंगळवेढ्याच्या चोखोबांची 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' ही ओळ शोधायची तर नुसतं 'डोंगा' पुरे. 'ऊस' टाकलंत तर 'ऊंस' लिहिलेली नोंद निसटेल, 'नोहे' टाकलंत तर 'नव्हे' लिहिलेली. अशा शब्दांसाठी प्रत्येक नोंदीत 'खूणशब्द' नावाचा रकाना आहे, शोध तिथेच घ्या.

दोन मिनिटं शोधून नाही सापडलं तर खुशाल पाठवा. डबल पाठवल्याबद्दल इथे कुणी बोल लावत नाही.

२. मी पाठवलेली ओळ दिसतच नाही. काढून टाकलीत का?

बहुधा जोडली आहे. प्रत्येक सुविचाराची एक मुख्य नोंद असते. तिच्याखाली दोन रकाने: 'पाठभेद', म्हणजे तीच ओळ थोड्या वेगळ्या शब्दांत, आणि 'साक्ष', म्हणजे ती कुठे वाचली, ऐकली किंवा लिहिलेली पाहिली. तुमच्या ओळीत यातलं काही नवीन असेल, तर ते तिथे तुमच्या आद्याक्षरांसह दिसेल. काहीच नवीन नसेल, तर 'पुन्हा आली' या रकान्यात फक्त तारीख पडते. त्या तारखांचाही उपयोग होतो. प्रश्न १३ पाहा.

३. पण डबल आलेली ओळ सरळ पुसली तर बिघडतं काय?

दोन नोंदी अक्षरशः सारख्या असल्या आणि साक्षही एकच असली, तर काही बिघडत नाही. तेव्हा आम्हीही पुसतोच. पण अशा जोड्या थोड्या असतात. एका नोंदीत शब्द बरोबर पण नाव भलतंच, दुसरीत शब्द घसरलेले पण पुस्तक आणि पान दिलेलं, हेच नेहमीचं.

टिळकांचं जन्मसिद्ध हक्काचं वाक्य घ्या. शेवट कुणाचा 'मिळवणारच', कुणाचा 'मिळविणारच', कुणाचा 'मिळवीनच'. मध्ये 'आणि' कधी असतो, कधी नसतो. वाक्य एकच, नोंदी चार. त्यातल्या एकीसोबत जुन्या क्रमिक पुस्तकाच्या पानाचा फोटो असतो, आणि घाईघाईत साफसफाई करणारा नेमकी तीच पुसतो, कारण तिचं शुद्धलेखन जुनाट दिसतं. मग मागे उरते ती गुलाबाच्या चित्रावरची सुप्रभातवाली.

म्हणून आमचा क्रम असा: आधी जोडायचं, मग आवरायचं. दुसऱ्यांदा आलेली ओळ म्हणजे आमच्यासाठी आणखी एक साक्षीदार. त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि मगच त्याला मोकळं करायचं. वही लांबते याची आम्हाला फिकीर नाही, शीटमध्ये जागा पुष्कळ आहे. फक्त शोधणाऱ्याला एका ओळीसाठी चार ठिकाणी भटकावं लागू नये.

४. दोन्ही ओळी डोळ्यांना अगदी सारख्या. तरी शोधात एकच का येते?

कारण डोळा अक्षर बघतो आणि संगणक त्यामागचा संकेत. देवनागरीत एकच अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं, आणि पडद्यावर फरक दिसतही नाही. आमच्याकडे पुन्हापुन्हा येणारी उदाहरणं अशी:

'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. दिसायला दोन्ही एकच, शोधायला मात्र दोन वेगळे शब्द. 'ॲ'चं तसंच: एकतर एकसंध अक्षर, नाहीतर अ वर चंद्र ठेवलेला.

मग दंड. 'तुका म्हणे ।' यातला दंड कुणी देवनागरीचा देतं, कुणी इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ. दुहेरी दंड कधी एकच चिन्ह असतो, कधी दोन सुटे दंड शेजारीशेजारी.

उर्दू शेर देवनागरीत आला की नुक्ता: 'ज़िंदगी' आणि 'जिंदगी'.

आणि अर्थातच अनुस्वार. जुन्या छापील पोथीत 'आम्हां', 'नाहीं', 'कां' असतं. १९६२ च्या लेखननियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकातून उतरवलेली ओळ आणि नंतरच्या पुस्तकातली ओळ यंत्राला कधीच एक वाटत नाही. 

यावर उपाय म्हणून वहीत 'तुलनेसाठी' नावाचा एक लपवलेला रकाना आहे. त्यात सूत्राने प्रत्येक ओळीची सपाट प्रत तयार होते: अनुस्वार, नुक्ते, दंड, स्वल्पविराम, जास्तीच्या मोकळ्या जागा आणि ती अदृश्य चिन्हं काढलेली, ऱ चा साधा र केलेला. जुळवाजुळव या प्रतीवर होते. तुम्हाला दिसणाऱ्या ओळीला कुणी हात लावत नाही. जुन्या अनुस्वारासकट आलेली ओळ तशीच राहते.

५. एवढा उपद्व्याप कशाला? 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' दाबा की, एका मिनिटात काम होतंय.

होतंय, पण भलतंच. ती सोय फक्त तंतोतंत जुळणाऱ्या नोंदी काढते, म्हणजे प्रश्न ४ मधली एकही जोडी तिला दिसत नाही. आणि एकाच रकान्यावर चालवली तर पहिली नोंद ठेवून बाकीच्या साक्षीसकट उडवते. पहिली म्हणजे चांगली असं थोडंच असतं?

मोजायला 'काउंटइफ' वापरणाऱ्यांसाठीही एक सूचना. हे सूत्र प्रश्नचिन्हाला 'कुठलंही एक अक्षर' समजतं आणि तारकाचिन्हाला 'काहीही'. त्यामुळे प्रश्नचिन्हाने संपणारी ओळ उद्गारचिन्हाने संपणाऱ्या ओळीशी जुळल्याचं ते बिनदिक्कत सांगतं. एक्सेलमध्ये तर २५५ अक्षरांपेक्षा लांब मजकूर दिला की त्याचं उत्तरच भरवशाचं राहत नाही. लांब उतारे हातानेच तपासा.

६. सुप्रभातच्या फोटोतली ओळ तशीच पाठवली तर चालेल?

चालेल, पण शब्द टंकून पाठवलेत तर आमचं काम वाचेल. गुगल लेन्सने फोटोतला मजकूर उचलता येतो, मात्र तो जोडाक्षरं आणि रफार यांत चुकतो. एकदा वाचून घ्या. छापखान्यातून आलेली जुनी डीटीपी फाइल असेल आणि चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल, तर तो फॉन्ट युनिकोडमधला नाही. त्याची तुलना होऊच शकत नाही, आधी रूपांतर करून घ्या.

७. चार पाठ आले तर मुख्य कुठला, हे कसं ठरतं?

ज्याला सगळ्यात चांगली साक्ष आहे तो. जास्त वेळा आलेला नाही, कानाला गोड लागणाराही नाही. संतवचन असेल तर छापील गाथेतला पाठ, आणि कुठल्या गाथेतला ते सोबत. सरकारी गाथेत तुकोबांचे ४६०७ अभंग आहेत. दुसरी आवृत्ती उघडली की संख्या बदलते, क्रमांक बदलतात आणि शब्दही बदलतात. म्हणून नुसता 'गाथा, अभंग अमुक' हा पत्ता अपुरा पडतो.

भाषणातलं वाक्य असेल तर ते मुळात कुठल्या भाषेत बोललं गेलं, हे बघतो. बाबासाहेबांची त्रिसूत्री हे आमच्याकडचं सगळ्यात वाजलेलं उदाहरण. मराठीत ती बहुतेक वेळा 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' अशी येते. १९४२ च्या नागपूरच्या परिषदेतल्या इंग्रजी भाषणात मात्र क्रम 'एज्युकेट, ॲजिटेट अँड ऑर्गनाइझ' असा आहे: संघटन शेवटी, आणि त्याला लागूनच स्वतःवर विश्वास ठेवण्याचा सल्ला. आम्ही इंग्रजी वाक्य त्याच्या साक्षीसह मुख्य नोंदीत ठेवलं आणि खाली मराठीतले दोन्ही क्रम पाठभेद म्हणून दिले. रूढ क्रम काढून टाका असं काहींचं म्हणणं होतं. आम्ही काढला नाही. पिढ्यान्‌पिढ्या मोर्चात आणि भिंतीवर जो क्रम राहिला, तोही नोंदवण्यासारखाच आहे. फक्त तो कुणाचा, कुठला, एवढं स्पष्ट लिहायचं.

पाठभेदांची ही डोकेदुखी आजची नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जुळवून शुद्ध केल्या आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजा. वहीत स्वतःच्या पदरचा शब्द घालून ओळ 'सुधारून' पाठवणाऱ्यांना आम्ही हीच ओवी पाठवतो. राग कुणाला येत नाही, ओवी नाथांची असल्यामुळे असेल.

८. तीच ओळ दोन वेगळ्या माणसांच्या नावावर आली आहे. आता?

ओळ एकच असेल तर नोंद एकच, आणि 'कुणाची' या रकान्यात दोन्ही नावं, त्यांच्या साक्षींसह. ठाम पुरावा मिळेपर्यंत तिथे 'वादातील' अशी खूण राहते. विवेकानंद, चाणक्य आणि अब्दुल कलाम यांच्या नावावर वाट्टेल ते खपवलं जातं, त्यामुळे ही तीन नावं दिसली की साक्ष मागायचीच, असा आमचा शिरस्ता आहे.

तीन तऱ्हा वेगळ्या ओळखायला हव्यात. पहिली, जुनं वचन नव्या माणसाने लोकप्रिय केलं. 'उठा, जागे व्हा' विवेकानंदांच्या नावावर येतं. त्याचं मूळ कठोपनिषदात आहे, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वल्लीतला चौदावा मंत्र. पण 'ध्येय गाठेपर्यंत थांबू नका' हा पुढचा भाग मंत्रात नाही; तिथे श्रेष्ठांकडे जाऊन जाणून घ्या असं सांगितलं आहे. म्हणून या दोन नोंदी जोडत नाही, एकमेकींकडे बोट दाखवून वेगळ्या ठेवतो.

दुसरी तऱ्हा, आशय त्या माणसाचा पण वाक्य त्याचं नाही. 'जगात जो बदल पाहायचा आहे, तो आधी स्वतः बना' हे गांधीजींच्या लेखनात या शब्दांत सापडत नाही. १९१३ मध्ये त्यांनी लिहिलं ते असं की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. इथे मुख्य नोंद गांधीजींच्या लिखित वाक्याची, आणि फळ्यावरचं वाक्य खाली 'सारांश, कर्ता अज्ञात' म्हणून.

तिसरी तऱ्हा, नाव निव्वळ चिकटवलेलं. तिथे नाव जातं, ओळ राहते.

९. शेवटी 'तुका म्हणे' आहे. मग तुकोबांचंच ना?

बहुतेक वेळा, पण तेवढ्यावर नोंद पक्की होत नाही. नाममुद्रा, म्हणजे रचनेच्या शेवटी येणारी कवीची खूण, नीट वाचा. 'तुकयाबंधु म्हणे' असेल तर ते तुकोबांचे भाऊ कान्होबा. 'नामा म्हणे' असेल तर कठीण, कारण संत नामदेवांनंतरच्या कवींनीही ती मुद्रा वापरली. विष्णुदास नामा त्यातलेच. आणि हल्ली 'तुका म्हणे' जोडून कुणीही काहीही लिहितं. ते गाथेत नसेल तर विडंबनाच्या रकान्यात जाईल (प्रश्न १५).

उलटंही होतं: मुद्रेचा शेवट गळल्यामुळे एकाचा अभंग दुसऱ्याच्या नावावर जातो. 'कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी' ही आपल्या माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता माळ्यांची ओळ तुकोबांच्या नावाने पाठवणारे सोलापूर जिल्ह्यातच निघावेत, याचं मात्र वाईट वाटतं.

१०. एकाने दोन ओळी पाठवल्या, दुसऱ्याने अख्खा उतारा. हे डबल का?

तुकडा आणि पूर्ण यांची नोंद एकच, मुख्य ओळ पूर्ण, तुकडा खाली. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या आरंभीच्या 'विद्येविना मति गेली' या ओळी असा प्रश्न नेहमी उभा करतात. कुणी पहिल्या दोनच पाठवतं, कुणी सगळ्या, आणि कुणी 'वित्ताविना शूद्र खचले' ही ओळ मधून गाळून. ती ओळ गाळली की पुढचे 'इतके अनर्थ' नेमके कुणावर कोसळले, तेच नाहीसं होतं. म्हणून अशा पाठासमोर 'ओळ गाळलेली' असं स्पष्ट लिहितो. फळ्यावर जागा कमी पडली की आणखी काही, हे लिहिणाऱ्यालाच माहीत.

अपवाद एकच, पण महत्त्वाचा. तुकड्याचा अर्थ पूर्णाच्या उलट जात असेल तर दोन वेगळ्या नोंदी. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' ही वामनपंडितांची ओळ. प्रत्येक शाळेत ती जिद्दीचा सुविचार म्हणून लिहिली जाते. भर्तृहरीच्या ज्या श्लोकाचं ते भाषांतर आहे, त्याचा शेवट मात्र असा की एक वेळ वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचं शिंगही सापडेल, पण हटवादी मूर्खाचं मन वळवता येणार नाही. म्हणजे श्लोकात वाळूचं तेल अशक्य गोष्टीचं उदाहरण म्हणून आलं आहे! पहिला चरण आता स्वतंत्र सुविचार म्हणून मराठीत जगतो आहे, त्याला ते जगू द्यावं. पण तो 'प्रयत्न' या विषयाखाली, आणि पूर्ण श्लोक 'मूर्खपणा' या विषयाखाली. दोन्हींत परस्पर उल्लेख.

११. कन्नड वचन आणि त्याचं मराठी भाषांतर, ही एकच नोंद की दोन?

सोलापुरात हा प्रश्न येणारच. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत, आणि वहीत चारही भाषांतून ओळी येतात.

नोंद एक. मुख्य जागी मूळ भाषेतली ओळ मूळ लिपीत, खाली देवनागरीत उच्चार, त्याखाली भाषांतरं. भाषांतरकाराचं नाव हवंच. दोन माणसांनी स्वतंत्रपणे केलेली दोन भाषांतरं म्हणजे डबल नव्हे, दोन्ही राहतात. तेलुगू कवी वेमनांचं एक प्रसिद्ध पद्य मीठ आणि कापूर यांच्याबद्दल आहे: दिसायला दोन्ही सारखे, चव घेतली की वेगळे. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतून याची मराठी रूपं वेगवेगळी येतात, आणि कुठलंच दुसऱ्याची नक्कल नसतं. आम्हाला जुळवणीच्या कामात हे पद्य वरचेवर आठवतं, हे वेगळं सांगायला नको.

इथेही मुद्रा कामाला येते. वेमनांच्या पद्याच्या शेवटी 'विश्वदाभिराम विनुर वेम', बसवण्णांच्या वचनात 'कूडलसंगमदेव', अक्कमहादेवींच्या वचनात 'चन्नमल्लिकार्जुन', आणि आपल्या सिद्धरामेश्वरांच्या वचनात 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन'. भाषांतर करताना हा शेवट गाळू नका. तो गाळला की सिद्धरामांचं वचन बसवण्णांच्या नावावर जायला वेळ लागत नाही. 'कायकवे कैलास' (काम हाच कैलास) हे तर सगळे बसवण्णांच्याच नावाने पाठवतात. ते शब्द बसवण्णांच्या काळातलेच वचनकार आयदक्की मारय्या यांच्या वचनात आहेत. त्या नोंदीवर 'वादातील' ही खूण आहे (प्रश्न ८).

मधल्या भाषेतून आलेलं भाषांतर, म्हणजे कन्नडवरून हिंदी आणि हिंदीवरून मराठी, घेतो. पण मार्ग लिहून.

१२. शब्द वेगळे, अर्थ एकच. हेही डबलच झालं की?

नाही. हे डबल धरलं तर कष्ट, वेळ आणि आई या तीन विषयांवर मिळून तीनच नोंदी उरतील. अर्थाच्या सारखेपणासाठी 'विषय' रकाना आहे, तिथे हव्या तेवढ्या ओळी शेजारीशेजारी बसतात.

म्हणींच्या बाबतीत मात्र थोडं सैल धोरण. गावागावाला म्हण बदलते आणि कर्ता कुणीच नसतो, म्हणून शब्द वेगळे असूनही सांगाडा तोच असेल तर म्हण एक, रूपं अनेक. साक्षीच्या जागी गाव लिहा: बार्शी, अक्कलकोट, सांगोला, जिथे ऐकली ते.

१३. जानेवारीत तेच तेच येतं. तेव्हा तरी वही बंद ठेवाल का?

बंद ठेवत नाही, पण त्या दिवसांत जुळवणी दोन आठवडे मागे पडते. कारण उघड आहे. १२ जानेवारीला विवेकानंद जयंती, जिजाऊ जयंती, आणि आपल्या गावासाठी चार हुतात्म्यांचा दिवस: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ मध्ये याच तारखेला येरवड्यात फाशी दिलं गेलं. लगेच सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा, संक्रांत, आणि पुढे प्रजासत्ताक दिन. सगळ्यांना एकाच वेळी त्याच ओळी हव्या असतात.

'पुन्हा आली' या रकान्यातल्या तारखा इथे कामाला येतात. कुठली ओळ कुठल्या आठवड्यात येते ते दिसतं, आणि त्यावरून डिसेंबरअखेर 'जानेवारीसाठी तयार' असं पान काढता येतं. एक विनंती: हुतात्म्यांच्या तोंडी घातलेली वाक्यं साक्षीशिवाय पाठवू नका. त्यांच्या नावाने भावपूर्ण वाक्यं रचून फिरवली जातात. आम्ही ती घेत नाही, कितीही वेळा आली तरी.

१४. वहीत डबल नाही, पण आमच्या फळ्यावर तोच सुविचार महिन्यात दोनदा येतो. काय करू?

ही वेगळी पुनरावृत्ती आहे: संग्रहातली नव्हे, वापरातली. दोन्हींची गल्लत करू नका. तुमच्या शाळेसाठी शीटची स्वतःची प्रत घ्या, 'शेवटचा वापर' हा रकाना जोडा आणि परिपाठ झाला की तारीख टाका. जुन्या तारखा वर येतील अशी क्रमवारी लावली की निवड आपोआप होते. एकच वर्ग फळा लिहीत असेल तर वर्षाचं अंतर ठेवा. आळीपाळीने लिहीत असतील तर तिमाहीही चालते.

आणि कधीकधी तोच सुविचार मुद्दाम परत लिहावा. सहावीत वाचलेली ओळ नववीत वेगळी लागते.

१५. एका सुविचाराचं विडंबन पाठवलं, ते मूळच्या खाली का टाकलं नाही?

कारण ती नवी रचना आहे, पाठभेद नव्हे. तिला वेगळी नोंद आणि 'मूळ पाहा' असा दुवा. शाळांच्या प्रतीत विडंबनाचा रकाना लपवलेला असतो. एका शिक्षिकेने परिपाठाला चुकून तेच वाचलं, मुलं खूश झाली, पण मुख्याध्यापक नाही.

१६. मी स्वतः लिहिलेली ओळ आधीच कुणाची तरी निघाली. चोरी समजाल का?

नाही. लहान वाक्यं योगायोगाने जुळतात, आणि लहानपणी वाचलेलं पुढे आपलंच वाटू लागतं. साक्ष ज्याची जुनी त्याची मुख्य नोंद; तुमची ओळ खाली 'स्वतंत्रपणे सुचलेली' म्हणून, हवी असेल तर. दोन हयात सदस्यांत वाद असेल तर दोघांचीही तारखेसह नोंद होते आणि आम्ही बाजूला होतो.

१७. जोडायचं की नाही, यावर मतभेद झाले तर शेवटचा शब्द कुणाचा?

एकाचा नाही. जोडणीचा प्रस्ताव एकाने मांडायचा, दुसऱ्याने तपासायचा, आणि ती ओळ ज्या भाषेतली आहे ती भाषा घरात बोलणारा निदान एक माणूस त्यात हवा. मराठी येणाऱ्या दोघांनी मिळून कन्नड वचनं जोडायची नाहीत. आठवडाभरात एकमत झालं नाही तर नोंदी वेगळ्या राहतात. शंका असेल तेव्हा न जोडलेलं बरं, कारण दोन वेगळ्या नोंदी उद्याही जोडता येतात. चुकीच्या जोडलेल्या सोडवायला फार वेळ जातो.

१८. चुकून जोडलेल्या नोंदी परत वेगळ्या होतात का? आणि जुन्या क्रमांकाचं काय?

होतात. जोडताना आलेली मूळ ओळ, पाठवणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख 'आवक' या पानावर जशीच्या तशी राहते. त्या पानावर कुणीच काही बदलत नाही. वेगळं करायचं झालं की तिथून उचलून नवी नोंद करतो आणि जुळवणीच्या शेऱ्यात कारण लिहितो.

क्रमांकाचा नियम कडक आहे. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या ओळीला कधीच दिला जात नाही, मग ती नोंद जोडली गेली असो की रद्द झाली असो. कुठल्या तरी शाळेच्या हस्तलिखितात किंवा लग्नपत्रिकेत तो क्रमांक आधीच छापून गेलेला असतो. त्या जागी 'पाहा' असं लिहून नवा क्रमांक देतो. तुमच्याकडे जुना क्रमांक असेल आणि तिथे 'पाहा'सुद्धा दिसत नसेल, तर तो क्रमांक आणि तुम्हाला आठवणारे दोन शब्द कळवा.